आधी वावरातल्या विजेचं बोला

प्रतिद्रव्याचा बॉम्ब यवतमाळवर पडणार नाही. वीज पडेल. येत्या जूनमध्ये पडेल, ऑक्टोबरमध्ये पुन्हा पडेल, आणि निंदणाला नाहीतर सोयाबीन सोंगायला गेलेलं कुणाच्या तरी घरचं माणूस परत येणार नाही. पहिल्या गोष्टीवर आपण तासन्‌तास बोलतो. दुसरीवर पेपरात चार ओळी येतात, त्याही आतल्या पानावर.

मोबाइलवर सध्या अँटिमॅटरचा, म्हणजे प्रतिद्रव्याचा, मोठा जोर आहे. एका ग्रॅममध्ये शहर साफ, चमचाभरात राज्याची वीज, अमक्या देशानं म्हणे वाळवंटात चाचणीही उरकली. पानटपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत हाच विषय. या कुतूहलाचा मला राग नाही, उलट कौतुक आहे. राग आहे तो ते अर्ध्यावर सोडण्याचा. पुरती चौकशी केली तर प्लाझ्मा, म्हणजे तापून विजेनं भारलेला वायू, आणि प्रतिद्रव्य दोन्ही यवतमाळ जिल्ह्यात आजच्या आज सापडतात, आणि त्यांचं काय करायचं हे बरंचसं आपल्या हातात आहे.

आधी ग्रॅमचा हिशेब. तो खोटा नाही. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्याला भेटलं तर दोन्ही नाहीसे होतात आणि सुमारे ४३ किलोटन स्फोटकाएवढी ऊर्जा सुटते. हिरोशिमाचा बॉम्ब साधारण १५ किलोटनचा होता, म्हणजे त्याच्या जवळपास तिप्पट. विजेच्या भाषेत ही ऊर्जा ५ कोटी युनिट. तेवढी वीज औष्णिक केंद्रात करायची तर वणीच्या खाणींतून अंदाजे ३५,००० टन कोळसा उपसावा लागेल. उकणी, निलजई, मुंगोलीहून निघणाऱ्या आठ-नऊ मालगाड्या म्हणा. एवढं ऐकल्यावर डोळे विस्फारणारच.

पण वणीला कोळशाचे थर आहेत. प्रतिद्रव्याची खाण पृथ्वीवर कुठेच नाही. पॉल डिरॅकनं १९२८ मध्ये कागदावर त्याची चाहूल दिली, कार्ल अँडरसनला १९३२ मध्ये वैश्विक किरणांत पहिला पॉझिट्रॉन, म्हणजे प्रति-इलेक्ट्रॉन, दिसला, आणि तेव्हापासून ज्याला ते हवं त्यानं ते स्वतः तयार करायचं आहे. करताना जितकी ऊर्जा ओतावी लागते तिचा अब्जावा हिस्साही हाती येत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रतिप्रोटॉन तयार होतात. तिथल्या आजच्या वेगानं एक ग्रॅम जमायला अब्जावधी वर्षं लागतील. सर्नमध्ये आजवर तयार झालेलं सगळं प्रतिद्रव्य एकदम फुंकलं तरी विजेचा एक दिवा काही मिनिटं जळेल, असा हिशेब तिथल्याच शास्त्रज्ञांनी मांडला आहे. शिवाय ते ठेवायचं कुठे? भांड्याला टेकलं की संपलं. म्हणून निर्वात पोकळीत, कडाक्याच्या थंडीत, चुंबकांच्या बळावर अधांतरी धरून ठेवायचं.

तेव्हा हे इंधन नव्हे. तयार करताना शंभर कोटी खर्चून रुपयाही हाती न देणाऱ्या वस्तूला कुणी इंधन म्हणत नाही. शस्त्र म्हणूनही तेच. अमेरिकी हवाई दल पॉझिट्रॉनच्या शस्त्राचा विचार करतंय अशी बातमी २००४ साली गाजली होती. पुढे असं शस्त्र कुणी पाहिलं नाही. प्लाझ्माच्या शस्त्राचीही तीच गत. त्याच हवाई दलानं १९९० च्या दशकात प्लाझ्माची वेगवान कडी फेकून पाहिली. पण मोकळ्या हवेत प्लाझ्मा सांभाळणं म्हणजे ओंजळीत धूर घेऊन गावभर फिरणं. थोडं अंतर गेला की विरला.

भीती वाटूनच घ्यायची असेल तर हायड्रोजन बॉम्बची घ्या. तो तयार आहे. जगात अण्वस्त्रांची संख्या १२,००० च्या घरात आहे, आणि त्यांतल्या मोठ्यांत तेच घडतं जे सूर्यात घडतं: अणूंची केंद्रकं कोट्यवधी अंशांच्या प्लाझ्मात एकमेकांना चिकटतात. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेनं केलेला स्फोट १५ मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. घडून गेलेल्या या गोष्टीवर फिरणारी चित्रफीत मला क्वचित दिसते. न घडणाऱ्या गोष्टीच्या रोज दिसतात.

या विषयात मुंबईचा एक माणूस दोन्ही टोकांना उभा आहे, आणि त्याचं नाव या चर्चांत कुणी घेत नाही. होमी भाभा. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी १९३६ मध्ये छापलं, तेव्हा ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. आजही जगभरात जिथे हे दोन कण एकमेकांवर आदळवतात तिथे यंत्राचं माप भाभांच्या त्या गणितावरून घेतात. तेच भाभा ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या पहिल्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते, आणि त्या व्यासपीठावरून त्यांनी भाकीत केलं की येत्या दोन दशकांत माणूस केंद्रकांच्या मीलनाची ऊर्जा काबूत आणेल. म्हणजे १९७५ पर्यंत. त्या १९७५ लाही आता पन्नास वर्षं होऊन गेली.

भाभा चुकले म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांत मी नाही. काम खरोखर अवघड आहे. फ्रान्समध्ये कादाराशला उभा राहत असलेला ईटर हा प्रकल्प १५ कोटी अंश तापमानाचा प्लाझ्मा चुंबकांच्या पिंजऱ्यात धरणार आहे. भारत त्यात भागीदार आहे. त्या यंत्राभोवतीचं ३,८५० टनांचं पोलादी कवच सुरतजवळ हजिऱ्याला, लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडलं आणि तुकड्यातुकड्यांनी समुद्रमार्गे गेलं. हे आपल्या माणसांचं काम आहे, आणि ते शाळेच्या पुस्तकात पानभर यायला हवं. अमेरिकेत लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेनं डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाज्यूलचा लेझर मारून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळवली, मोठीच गोष्ट. मात्र तो लेझर चालवायला भिंतीतल्या प्लगमधून ३०० मेगाज्यूल खर्ची पडले होते, हे मथळ्यांत आलं नाही. ईटरचं २०२४ साली बदललेलं वेळापत्रक सांगतं की संशोधनाची सुरुवात २०३४ मध्ये आणि खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९ मध्ये. तिथेही वीज तयार होणार नाही, तो प्रयोगच आहे.

म्हणून मीलनाच्या विजेची वाट पाहत बसा असं यवतमाळच्या कास्तकाराला जो सांगेल, त्याला विचारा की हरभऱ्याला पाणी कोण देणार.

आणि इथेच मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. मीलनाची भट्टी चालू आहे. साडेचार अब्ज वर्षांपासून चालू आहे. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंशांचा प्लाझ्मा दर सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजन जाळतो, म्हणजे त्याचं हेलियम करतो, आणि त्यात ४० लाख टनांच्या आसपास वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. त्याची पहिलीच पायरी बघा. दोन प्रोटॉन एकत्र येतात तेव्हा एक पॉझिट्रॉन बाहेर पडतो. पॉझिट्रॉन म्हणजे प्रतिद्रव्यच. तो क्षणात शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघे ऊर्जा होऊन जातात. हेलियमचं एक केंद्रक तयार होताना असे दोन पॉझिट्रॉन खपतात. आकडे मांडले तर सूर्याच्या एकूण ऊर्जेतला जवळपास आठ टक्के वाटा या प्रतिद्रव्याच्या नाशातून येतो. ती ऊर्जा गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत हजारो वर्षं अडखळत येते आणि तिथून आठ मिनिटांत घाटंजीच्या वावरात पोचते.

पाच हॉर्सपॉवरच्या सौर पंपाला साधारण ४,८०० वॅटची पॅनल लागतात. भर दुपारी ती पूर्ण ताकदीनं चालली तर त्यातले साडेतीनशेच्या वर वॅट प्रतिद्रव्यातून आलेले असतात. प्रतिद्रव्यावर चालणारं यंत्र पाहायचं असेल तर वाळवंटातल्या गुप्त चाचणीच्या मागे लागू नका, घाटंजीला या आणि विहिरीवर उभे राहा.

ते यंत्र चालतंय का, हा खरा प्रश्न. शेतीच्या थ्री फेजची पाळी रात्री आली की काय होतं हे ओलित करणाऱ्याला विचारा. २०१८ मध्ये अवनी वाघिणीच्या धाकात राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या लोकांनी हातात बॅटरी घेऊन रात्रीचं पाणी दिलं आहे. साप, रानडुकरं, बांधावर उघडी पडलेली वायर हे तर नेहमीचंच. दिवसा चालणारा पंप म्हणजे या माणसांचा जीव आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत कास्तकारानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पंप बसवणाऱ्याची. कागदावर चांगली योजना आहे. माझा आग्रह त्या पाच वर्षांवर आहे. पंप बसवल्याचे आकडे मंत्र्यांच्या भाषणात येतात. बंद पडलेला पंप किती दिवसांत चालू झाला याचा आकडा तालुकावार फलकावर लागला पाहिजे. ऐन फेब्रुवारीत पंधरा दिवस बंद राहिलेला पंप गव्हाला न बसवलेल्या पंपासारखाच.

आता वीज. आकाशातली.

ती प्लाझ्माच आहे, यवतमाळमध्ये जमिनीवर उतरणारा सगळ्यात तापलेला प्लाझ्मा. विजेच्या रेषेतली हवा ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार. प्रवाह ३०,००० अँपिअरच्या आसपास. मग ही वीज पकडून पंप का चालवत नाहीत, असं मुलं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. एका विजेत ढोबळमानानं १०० कोटी ज्यूल ऊर्जा असते. ऐकायला प्रचंड. मोजली तर २८० युनिट, साडेसात हॉर्सपॉवरची मोटार पन्नास तास चालेल एवढी. त्यातलीही बहुतेक हवा तापवण्यात आणि गडगडाटात संपते, जमिनीपर्यंत थोडीच येते. कुठे पडेल ते आधी ठरत नाही, आणि आली तरी सेकंदाच्या लहानशा भागात येऊन जाते. इंधन म्हणून ती कुचकामी. माणूस मारायला मात्र तेवढी फार झाली.

या विजेत प्रतिद्रव्यही आहे. १४ डिसेंबर २००९ रोजी नासाची फर्मी दुर्बीण इजिप्तच्या वर होती आणि वादळ चालू होतं दूर झांबियात. त्या वादळातून निघालेले पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय रेषेवरून धावत जाऊन दुर्बिणीवर आदळले. जानेवारी २०११ मध्ये हे जाहीर झालं. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये जपानच्या काशिवाझाकी इथे एका विजेनंतर जमिनीवरच्या उपकरणांनी खूण पकडली: वीज हवेतल्या नायट्रोजनचं केंद्रक फोडते, आणि त्या फुटक्या नायट्रोजनमधून पॉझिट्रॉन बाहेर पडतात. ढग झांबियाचा असो की आर्णीचा, भौतिकी तीच. आपल्याकडचं काम तर याहून सुरेख आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उटीला ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग चालतो. आकाशातून म्यूऑन नावाचे कण सतत पडत असतात, तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक जातो, आणि त्यांतले अर्ध्याहून जास्त प्रति-म्यूऑन, म्हणजे प्रतिद्रव्यच असतात. या कणांची संख्या वादळात किती बदलते ते मोजून उटीच्या शास्त्रज्ञांनी १ डिसेंबर २०१४ च्या एका ढगातला विद्युत दाब काढला: १३० कोटी व्होल्ट. बॉम्बच्या गप्पा मारणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे ऐकलंय?

आता खाली या, जमिनीवर. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. सोयाबीन वाळून खडखडतंय, शेंग फुटायच्या आत सोंगून झालं पाहिजे. दहा-बारा बाया ओळीनं बसल्यात, हातात विळे. काम एकराच्या हिशेबानं ठरलेलं. जेवढं सोंगाल तेवढा पैसा. धुऱ्यावर कडुलिंब किंवा पळस, त्याच्या फांदीला भाकरीची फडकी टांगलेली, बुडाशी पाण्याची कॅन, सावलीला कुणाचं तान्हं निजलेलं. दोन-अडीचला वायव्येकडून काळं येतं. पहिला गडगडाट होतो. कुणीतरी मान वर करतं. तेवढ्यात आवाज येतो: एवढी पात काढून घ्या, मग उठा. पात संपते तोवर पाऊस सुरू होतो आणि सगळ्याजणी धावतात त्या झाडाखाली. लेकरू तिथे, भाकर तिथे, आडोसा तिथेच.

पुढचं सांगायला नको. झाडावर पडलेली वीज झाडातून उतरताना शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. जमिनीत शिरलेला प्रवाह चारी बाजूंना पसरतो आणि एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. दोन पायांत अंतर जितकं जास्त तितका झटका मोठा. म्हणून झाडाला बांधलेला बैल मरतो आणि जवळ उभा असलेला सालगडी कधीकधी वाचतो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर असतं आणि प्रवाहाच्या वाटेत त्याचं काळीज येतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशेबानं २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसं वीज पडून मेली. निसर्गाच्या कोपानं झालेल्या मृत्यूंत एक तृतीयांशाहून जास्त याच कारणाचे. पुरापेक्षा, उन्हापेक्षा, थंडीपेक्षा वीज जास्त मारते, आणि मारते ती बहुतेक वावरात. राज्य सरकार मृताच्या वारसाला ४ लाख रुपये देतं, ओढकाम करणाऱ्या बैलाचे ३२,००० देतं. पंचनामा, शवविच्छेदन, वारसाचे कागद. पैसे मिळालेच पाहिजेत आणि वेळेत मिळाले पाहिजेत. पण मेल्यानंतरची यंत्रणा इतकी पक्की आणि मरण्याआधीची इतकी विरळ, हे मला पटत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ ॲप केलं आहे. तुमच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज कुठे पडतेय ते दाखवतं, इशाराही देतं. उत्तम काम. पण सोंगणीला बसलेल्या बाईच्या हातात विळा असतो. मोबाइल असला तर घरी, मुलाकडे, आणि झरी जामणीच्या कोलाम पोडावर रेंज कुठल्या दगडावर चढल्यावर मिळते हे तिथलेच लोक सांगतील. ज्याच्यासाठी इशारा आहे त्याच्यापर्यंत तो कानानं पोचला पाहिजे. गावात भोंगा आहे, मंदिरावर आहे, मशिदीवर आहे, ग्रामपंचायतीवर आहे. दामिनी ज्याच्या मोबाइलवर आहे असा एक माणूस आणि एक भोंगा, एवढ्यात काम होतं. याला कुठलं नवं तंत्रज्ञान लागतंय?

दुसरी गोष्ट वीज अटकाव यंत्राची. टोकदार कांब, तिथून खाली जाड तार, आणि जमिनीत खोल अर्थिंग. सौर पंपाच्या ठरलेल्या सामानातही ही कांब आणि अर्थिंग असतं. जरा जाऊन बघा. कांब दिमाखात उभी असते. तार खाली येताना कुठे तुटली आहे का, चोरांनी तांब्यासाठी कापून नेली आहे का, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत आहे का, हे कुणी बघत नाही. अर्थिंग नसलेली कांब म्हणजे विजेला दिलेलं आवतण. आणि अर्थिंग धड असलं तरी ती कांब पंपाच्या पॅनलपुरती आहे, तिच्याजवळ आसरा घ्यायचा नसतो. हे पंप बसवणाऱ्यानं कास्तकाराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

तिसरी गोष्ट पैशाची आहे आणि ती कुठल्याच सूचनापत्रकात नसते. गडगडाट ऐकू आला की काम थांबवा, पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, असं सगळीकडे छापलेलं असतं. त्या अर्ध्या तासाची मजुरी कोण देणार? जिचं पोट एकराच्या हिशेबावर आहे ती पात सोडून कशी उठेल? बाया अडाणी आहेत म्हणून झाडाखाली जातात असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की वावरात दुसरा आडोसा दाखवा. कास्तकारही काही सावकार नाही, सोयाबीन भिजलं तर त्याचं वर्ष जातं. म्हणून हे एकेकट्यावर सोडून चालणार नाही. गडगडाटात काम बंद, त्या तासाची मजुरी कापायची नाही, हा गावाचा नियम झाला तरच तो पाळला जाईल. 

आणि आडोसा नसेलच तर: झाडापासून दूर, एकमेकींपासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. काही भागांत अजून शेणात पुरतात. त्यात जी मिनिटं जातात ती त्या माणसाची शेवटची असतात.

विजेच्या नावानं दुसराही एक धंदा चालतो, त्याचं तोंड बंद करायलाच हवं. ‘राईस पुलर’. वीज पडलेल्या तांब्याच्या भांड्यात म्हणे अणुशक्ती उतरते, ते तांदळाचे दाणे खेचतं, आणि नासा किंवा भाभा अणुसंशोधन केंद्र ते कोट्यवधींना घेतं. तपासणीच्या फीसाठी आधी काही लाख भरा. सूटबूट, खोटी ओळखपत्रं, अंगात चांदीसारखा चमकणारा पोशाख. यात लोकांनी जमिनी विकल्या आहेत. तांब्याच्या भांड्यावर वीज पडली तर भांडं तापतं, फार तर वितळतं. याउपर काहीही होत नाही. कुठलीही संशोधन संस्था असलं भांडं विकत घेत नाही, आणि तुमच्या दारी कुणी असा सौदा घेऊन आला तर थेट पोलीस ठाणं गाठा.

शेवटी, प्रतिद्रव्य खरोखर माणसाच्या कामाला लागलं आहे अशी एक जागा आहे आणि यवतमाळच्या कित्येक घरांना ती ठाऊक आहे. पेट स्कॅन. कॅन्सरच्या रुग्णाला टोचतात त्या औषधात फ्लोरिनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो. गाठीच्या भुकेल्या पेशी ते औषध साखर समजून गिळतात. आत त्यातून पॉझिट्रॉन निघतो, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जातो, इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोन गॅमा किरण बरोबर उलट दिशांना सुटतात. भोवतीचं कडं ते पकडतं आणि गाठ कुठे आहे ते पडद्यावर उजळतं. देशात हे पहिल्यांदा २००२ मध्ये परळच्या विकिरण औषध केंद्रात सुरू झालं, भाभा अणुसंशोधन केंद्राचीच ती शाखा. बॉम्बच्या चित्रफितीत दाखवतात ती घटना हीच, द्रव्य आणि प्रतिद्रव्याची भेट. रुग्ण तासभर शांत बसून असतो आणि त्याच्या शरीरात ती अब्जावधी वेळा घडते.

यवतमाळची माणसं त्यासाठी नागपूर गाठतात. यवतमाळहून ते दीडशे किलोमीटर, उमरखेडहून अडीचशेच्या वर. त्यात उपाशीपोटी जायचं असतं, म्हणजे मुक्काम आला, सोबतीचा एक माणूस आला, त्याची बुडालेली मजुरी आली. त्या औषधाचं आयुष्य कमी, दर ११० मिनिटांनी ते अर्धं होतं, म्हणून ते स्कॅनच्या यंत्राजवळच तयार व्हायला लागतं हे खरं. पण नागपूरहून निघालेल्या औषधातलं सुमारे एक तृतीयांश तीन तासांत यवतमाळला पोचेपर्यंत शिल्लक राहतं. तिप्पट घालून पाठवा. देशात अशी गाडीनं ने-आण रोज चालते. वसंतराव नाईकांचं नाव असलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला १९८९ पासून आहे. नाईक साहेब पुसदच्या गहुलीचे, अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री. त्यांच्या नावाच्या दवाखान्यात पेटचं यंत्र मागायला कुणी लाजू नये. पुढच्या वेळी आमदार मतं मागायला येतील तेव्हा अँटिमॅटरचा हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

विजेसाठी मात्र आमदारांची वाट बघायची गरज नाही. १ मे रोजी ग्रामसभा भरते आणि मृग लागायला त्यानंतर महिना-सव्वा महिना उरतो. विषयपत्रिकेत हे घालून घ्या: दामिनी कुणाच्या मोबाइलवर राहील आणि तो गावात नसेल तेव्हा कुणाच्या, भोंगा कोण वाजवेल आणि तो पोडावर, तांड्यावर ऐकू जातो का ते आधी एकदा वाजवून बघायचं. शाळा, ग्रामपंचायत आणि पंपांची अर्थिंग तपासायला वायरमन कोणत्या तारखेला येईल. गडगडाटात थांबलेल्या तासाची मजुरी कापायची नाही. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना द्या, पोच घ्या, आणि पोच फाइलला लावून ठेवा.